मुलांना आहार शिकवण्याआधी
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले, आणि लग्नानंतर पेन हातात आला तो दूधवाल्याच्या हिशेबापुरता. तरी चिटणीसबाईंनी आग्रह धरला की शनिवारच्या वर्गाची हकीकत तुम्हीच सांगा. म्हणून लिहून आणले आहे, ते वाचून दाखवते. मध्येच अडखळले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या मंडळात गेल्या जूनपासून लहान मुलांचा आहाराचा वर्ग चालतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. दर शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या खोलीत सहा ते दहा वर्षांची वीस-पंचवीस मुले सतरंजीवर बसतात. त्यांना शिकवतात ती आपल्याच गल्लीतली नववी, दहावी, अकरावीतली मुले. चार मुली आणि दोन मुलगे. वर्ग सगळ्यांना दिसतो. पण वर्गाआधी, परीक्षा संपल्यापासून शाळा उघडेपर्यंत, जे सहा आठवडे आम्ही तयारीत घालवले ते कोणाला दिसले नाहीत. मी आज त्या सहा आठवड्यांविषयीच बोलणार आहे. माझ्या मते खरे काम तेव्हा झाले.

पुष्कळजणींनी मला विचारले, "अहो, आपण एवढ्या बाया असताना शिकवायला पोरे कशाला?" काहींना तर वाटले की कामाचा भार मुलींवर टाकून आम्ही आयत्या बसणार. तसे नाही. सात वर्षांचे मूल आईचे ऐकत नाही, शिक्षकांचे ऐकल्यासारखे करते, पण शेजारची ताई किंवा दादा जे करतो ते मात्र हुबेहूब करते. ताईने दुकानातून पुडा आणला की याला पुडा हवा, ताईने पेरू घेतला की याला पेरू. हे काही आम्ही नवीन शोधले नाही. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष होते, त्या सुमाराला लंडनचे डॉ. डेव्हिड मोर्ले आणि त्यांच्या सोबत्यांनी मोठ्या मुलांकडून धाकट्यांना आरोग्याचे धडे देण्याची रीत घालून दिली आणि ती देशोदेशी गेली. आपल्याकडेही २०१० साली केंद्र सरकारने किशोरी मुलींसाठी 'सबला' योजना काढली, तीत आपला नांदेड जिल्हा होता. अंगणवाडीच्या आधाराने पंधरा ते पंचवीस मुलींचा गट करायचा, त्यांतली एक 'सखी' आणि दोघी 'सहेली' नेमायच्या, आणि त्यांनी शिकून बाकीच्या मैत्रिणींना सांगायचे, अशी तिची रचना होती. पुढे २०१८ पर्यंत त्या योजनेचे रूप बदलले.

आणि सातवी शिकलेल्या बाईने हे काम अंगावर घ्यावे का, अशी शंका जिला येत असेल तिला मी जामखेडचे नाव सांगते. जामखेड आपल्यापासून फार लांब नाही, बीडच्या पलीकडे नगर जिल्ह्यात. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या पतिपत्नींनी काम सुरू केले आणि खेड्यातल्या बायांनाच आरोग्याचे शिक्षण देऊन उभे केले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. बाळंतपण, लेकरांचे वजन, हगवणीला मीठसाखरेचे पाणी, हे त्या बाया गावाला शिकवत. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मी जामखेड पाहिलेले नाही, वाचले आहे. वाचून धीर आला.

असो. आता तयारीकडे येते.

पहिल्या बैठकीला मुले मोठ्या उत्साहाने आली. एकीने ताटाचा रंगीत तक्ता काढून आणला होता. एकाने मोबाईलवरून पानभर मजकूर उतरवून आणला होता. मी तक्ता बाजूला ठेवला आणि प्रत्येकाला एकेक चाळीस पानी वही दिली. सांगितले, चार दिवस आपण स्वतः काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, एवढेच लिहायचे. खरे लिहायचे. वही कोणाला दाखवायची नाही, मलासुद्धा नाही. पाचव्या दिवशी तुमचे तुम्हीच बघा आणि जे सांगावेसे वाटेल तेवढे सांगा.

पाचव्या दिवशी सगळी गप्प बसली होती. मग अकरावीतल्या मुलाने सुरुवात केली. सकाळी चहा आणि दोन टोस्ट, त्यानंतर क्लास, आणि जेवण दुपारी दोनला. मध्ये दहा रुपयांचा पुडा. मग एकेक करून सगळ्यांनीच सांगितले. सहापैकी पाचजण सकाळी नुसत्या चहावर घराबाहेर पडत होते. फळ चार दिवसांत दोघांनी खाल्ले होते, तेही एकेकदा. एका मुलीचे दोन दिवस उपवासाचे होते आणि दोन्ही दिवशी साबुदाणा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसते पिठूळ सत्त्व. त्यात दाण्याचे कूट पडते तेवढाच काय तो आधार. त्यापेक्षा भगर आणि शेंगदाण्याची आमटी कितीतरी बरी. आणि चार मुलींपैकी दोघींनी सांगितले की त्या घरात शेवटी जेवतात. वडील, भाऊ, आजी जेवल्यावर मग आई आणि त्या. तेव्हा भाकरी असते, पण भाजी पातेल्याच्या कडेला लागलेली तेवढीच.

या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही धाकट्या चार मुलांना बसवून एक कच्चा वर्ग घेऊन पाहिला. शिकवायला उभा राहिला तो अकरावीतला मुलगा. हुशार आहे, बोलतोही छान. त्याने सरळ विचारले, "आज सकाळी तू काय खाल्लंस? आणि तू?" एक सात वर्षांचा मुलगा म्हणाला, "दूध आणि बदाम." बाकीची तिघे खिदळली. कारण त्याची आई सकाळी सहालाच चार घरची धुणीभांडी करायला बाहेर पडते हे गल्लीतल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. तो मुलगा लाल झाला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आपल्या खोलीच्या दारात आली. आत यायला तयार नव्हती. म्हणाली, "आमच्या घरी काय शिजायलंय ते लेकराच्या तोंडून काढून घ्यायलाव का तुम्ही?" तिचा राग खोटा नव्हता. कोणाच्या चुलीवर काय आहे हे कोणी विचारू नये, ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे. मी तिला हाताला धरून आत आणले, पाणी दिले. थोड्या वेळाने ती आपण होऊन बोलली. रात्रीची भाकरी सकाळी कुस्करून, शेंगदाण्याची चटणी आणि वर थोडे तेल घालून, लेकराला देऊन ती कामावर जाते. तिला वाटत होते की हे सांगण्याजोगे खाणे नव्हे, म्हणूनच पोराने बदाम सांगितले.

आमची मुले ऐकत बसली होती. मी त्यांना म्हटले, आता हिशेब करा. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि चार मिलिग्रॅमच्या आसपास लोह. मूठभर शेंगदाणे, म्हणजे तीसेक ग्रॅम, यांत सात ग्रॅम प्रथिने. आणि तुमच्या दोन टोस्टांत? सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी साधारण तेवीस ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे त्या लेकराचा सकाळचा घास आमच्या सहापैकी पाच शिक्षकांच्या सकाळपेक्षा वजनदार होता. तेल-चटणीशी कुस्करलेली भाकरी आपण सगळ्याच खाऊन वाढलो. तिची लाज कधीपासून वाटू लागली कोण जाणे.

अकरावीतल्या मुलाला मात्र फार लागले. "काकू, मी येत नाही आता," म्हणून दोन दिवस घरी बसला. मला त्याचा राग आला नाही. चौकशी करणे म्हणजेच शिकवणे, असे आपण मोठ्यांनीच मुलांना दाखवलेले असते. मुलींनी त्याला समजावून आणले आणि मग सगळ्यांनी बसून ठरवले की वर्गात कोणत्याही मुलाला "तू काय खाल्लंस" असे विचारायचे नाही. मग विचारायचे कोणाला? एका मुलीने जुन्या लुगड्याची चिंधीची बाहुली केली. आता तीच वर्गात येते. "बाहुलीला शाळेत जायचंय, तिला काय द्यायचं?" असे विचारले की मुले आपल्याच घरातले सांगतात, पण लाज कोणाला वाटत नाही. परवा एकाने बाहुलीला अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या वाढल्या. दुसरा म्हणाला, "तिला आंबट आवडत नाही." त्यावर दहा मिनिटे वाद चालला.

दुसरा नियम असा केला की जे घरात नाही ते आणायला सांगायचे नाही. आहे त्यात एक भर घालायची. नुसता भात असेल तर वरण घट्ट करा. भाकरी-चटणी असेल तर वर कांदा आणि लिंबाची फोड. पोहे केले तर मूठभर मोड आलेली मटकी. सफरचंद, बदाम, डब्यातली भुकटी ही नावे आमच्या वर्गात निघत नाहीत. काही भगिनींना हे पटले नाही, 'मुलांना चांगले ते कळू तर द्या' असे त्यांचे म्हणणे. पण जे आणायची ऐपत बापाला नाही ते मुलाला रोज सांगत राहणे म्हणजे बापाला त्याच्या नजरेतून उतरवणे, असे मला वाटते.

तिसरा आठवडा शब्दांवर गेला. प्रथिने, कर्बोदके, जीवनसत्त्वे हे शब्द पोटात ठेवायचे आणि लहानांशी बोलताना जोर देणारे, अंग भरणारे आणि आजार दूर ठेवणारे अन्न म्हणायचे. हे लवकर जमले. अवघड गेले ते ऐकीव गोष्टी गाळणे. मुलांच्या मोबाईलवर रोज काहीतरी येते. बीट लाल म्हणून रक्त वाढते, हे सगळ्यांनाच पाठ. बीटाचा रंग लाल, पण त्यात लोह अगदी थोडे. गुळाचेही तसेच. गुळात लोह आहे, पण आपण खातो तो खडा केवढा! हिरव्या पालेभाज्या, बाजरी, तीळ, अळीव, डाळी यांवर भिस्त ठेवावी, आणि जोडीला लिंबू, आवळा, पेरू असे काही आंबटगोड असावे म्हणजे अन्नातले लोह अंगी लागते. उलट जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेतला तर ते लागत नाही. हा चहाचा मुद्दा मुलांनी घरी जाऊन सांगितला तेव्हा दोन घरांतून मला निरोप आले, एक रागाचा आणि एक थट्टेचा.

आकडे कुठून आणले असे कोणी विचारले तर सांगते. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली दक्षिणेत कुन्नूरला लहानशी प्रयोगशाळा म्हणून ती निघाली आणि १९५८ साली हैदराबादला आली. आपले वाडवडील कोर्टकचेरीला आणि दवाखान्याला हैदराबादला जात, तेच हे हैदराबाद. या संस्थेने २०२४ साली भारतीयांच्या आहाराविषयी सतरा सूचनांचे पुस्तक काढले. आमच्या अकरावीतल्या मुलाने त्यातले आपल्या उपयोगाचे तेवढे मराठीत उतरवून दिले. परत येऊन त्याने केलेले हे पहिले काम.

भाताचा विषय निघाला तेव्हा वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. आपल्याकडे पूर्वी भाकरी रोजची आणि भात सणावाराचा. आता २०२३ च्या जानेवारीपासून रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळते, त्यात तांदूळ आणि गहू. गरिबाच्या घरात ते फार मोलाचे आहे, त्याला नाव ठेवू नये. पण पांढऱ्या तांदळात शंभर ग्रॅमला एक मिलिग्रॅमही लोह नाही, आणि ज्वारी मात्र विकत आणावी लागते. माझे माहेर औशाकडचे. लहानपणी आमच्या शेतात ज्वारी, तूर, मूग, कडेला अंबाडी आणि तीळ, बांधावर करडई असायची. आज त्या रानात खरिपाला जिकडे बघावे तिकडे सोयाबीन. पैसा येतो म्हणून लावतात, त्यांचे चुकत नाही. पण पोती लातूरच्या आडतीवर जातात आणि घरात येते ती दुकानातली डाळ. आमच्या नववीतल्या मुलीने विचारले, "काकू, सोयाबीनमध्ये एवढी प्रथिने असतात म्हणता, मग शेतकऱ्याच्या घरात ते का नाही शिजत?" मी म्हटले, शिजवायची सवय नाही म्हणून. कच्चे चालत नाही, नीट शिजवावे किंवा भाजावे लागते. भाजून, दळणात किलोला शंभर ग्रॅम मिसळले तर भाकरी मोडत नाही. हे मी करून पाहिले आहे.

अंड्याचा प्रश्न मात्र आम्ही थोडक्यात मिटवला. शाळेच्या आहारात आठवड्यातून एक अंडे, आणि जो खात नाही त्याला केळे, असे राज्य सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरात ठरवले, आणि २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा वेगळा पैसा थांबवला. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. ज्याच्या घरी चालते त्याने खावे, ज्याच्या घरी चालत नाही त्याने मटकी-शेंगदाणे खावेत, आणि एकाने दुसऱ्याच्या ताटाला नाव ठेवू नये. बाहुली दोन्ही खाते.

चौथ्या आठवड्यात मुलग्यांना चुलीपाशी बसवले. यावरून गल्लीत हसू झाले ते मला माहीत आहे. अंबाडी निवडायला दिली तर एकाने काड्या ठेवल्या आणि पाने टाकली! पण ज्याने कधी भाजी निवडली नाही तो लहान मुलाला भाजीचे काय सांगणार? आता दोघेही धपाट्याचे पीठ मळतात. ज्वारीचे पीठ, थोडे बेसन, मेथी, तीळ, ओवा. थापताना अजून भोक पडते. वर्गासाठी आम्ही मटकी निवडली, कारण तिला जाळ थोडा लागतो आणि मुलांना तिची गंमत वाटते. गुरुवारी रात्री भिजवायची, शुक्रवारी फडक्यात बांधायची, शनिवारी मोड आलेले मुलांनी आपल्या डोळ्यांनी बघायचे. मग ती वाफवून, कांदा-लिंबू घालून प्रत्येकाला वाटीभर. वाटी हातात पडण्याआधी साबणाने हात धुवायचे. हे सांगावे लागत नाही असे आपल्याला वाटते, पण लागते.

हात धुण्याची एक युक्ती माझ्या धाकट्या बहिणीची आहे. ती लातूरला असते. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते आपण विसरलेलो नाही. त्या दिवसांत तिने डब्याला बुडाशी बारीक भोक पाडून तो खुंटीला टांगला होता. तांब्याभर पाण्यात चार मुलांचे हात धुऊन निघत. आम्ही तो डबा उचलला.

बहिणीचे आणखी थोडे सांगते, कारण तिने तिकडे हाच वर्ग निराळ्या तऱ्हेने चालवला आहे. लातूर म्हणजे शिकवण्यांचे गाव. 'लातूर पॅटर्न' म्हणून मराठवाड्यातली आणि बाहेरचीही मुले तिथे खोल्या घेऊन राहतात, डॉक्टर-इंजिनिअरच्या परीक्षांची तयारी करतात. बहीण अशा तीस मुलांचे डबे करते. त्यांना शनिवार माहीत नाही आणि रविवार अर्धाच माहीत. पण दोन मुली आणि एक मुलगा रविवारी दुपारी तासभर द्यायला तयार झाली. तिनेही आधी वही भरायला दिली. तेव्हा निघाले की डब्यातली भाजी पुष्कळजण टाकून देतात आणि रात्री अकराला जागरणासाठी बिस्किटे-चहावर राहतात. डब्याची बाई म्हणून तिला वाईट वाटले. तिने मुलांना विचारून वरण घट्ट केले, भाजी बदलली आणि एका खणात रोज भाजलेले फुटाणे-शेंगदाणे द्यायला सुरुवात केली. मुले आता ते रात्री खातात. तिचा रविवारचा वर्ग परीक्षा जवळ आल्या की बंद पडतो आणि नंतर पुन्हा उभा राहतो. त्याला इलाज नाही.

आता जी गोष्ट मागे ठेवली होती तिच्याकडे येते.

शेवटी जेवणाऱ्या ज्या दोन मुली मी सांगितल्या, त्यांतली एक तेव्हा दहावीत जाणार होती. तयारीच्या पाचव्या आठवड्यात ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, मी लेकरांना काय सांगू? पायऱ्या चढले तरी माझ्याच डोळ्यांपुढं अंधारी येते." तिला सरकारी दवाखान्यात नेले. रक्त तपासले ते साडेआठ निघाले. तिच्या वयाला बारा तरी हवे. ही एकटी नव्हे. २०१९ ते २१ या काळात सरकारने देशभर पाहणी केली, तीत आपल्या महाराष्ट्रात पंधरा ते एकोणीस वर्षांच्या शंभर मुलींपैकी सत्तावन्न मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले, आणि पाच वर्षांखालच्या शंभर लेकरांपैकी जवळजवळ एकोणसत्तर लेकरांच्या. म्हणजे ज्यांनी शिकवायचे त्यांचीच ही अवस्था. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ती मळमळते म्हणून टाकून देत होती. डॉक्टरांनी रोजची गोळी आणि जंताची गोळी दिली. निळी गोळी रिकाम्या पोटी घेतल्याने मळमळते, जेवून घेतली तर पुष्कळांना सोसते, हे तिला आधी कोणी सांगितले नव्हते.

गोळीचे झाले. ताटाचे काय? मी तिच्या घरी गेले. आजी भेटल्या. मी त्यांना आकडे सांगितले नाहीत. त्या म्हणाल्या, "आमच्यात बाया मागून जेवतात. मी पण तशीच जेवले, मेले का?" आजींच्या वयाच्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो आणि ते शोभतही नाही. मी म्हटले, "आजी, कोण आधी अन् कोण मागे ते तुमच्या घरचं तुम्ही बघा. फक्त पातेलं उतरवलं की वाढायच्या आधी पोरीची अन् सुनेची एकेक वाटी भाजी काढून झाकून ठेवा." आजी काही बोलल्या नाहीत. मुलीची आई मोरीपाशी उभी होती, तीही काही बोलली नाही. आठ दिवसांनी मुलगी सांगत आली की वाटी निघते. आजीच काढतात.

आपण सगळ्याच कधी ना कधी गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो आहोत. तिथे पंगतीत बाया, पुरुष, लेकरे, आलागेला, सगळे एकाच वेळी जेवतात आणि सगळ्यांना तेच वाढतात. आपल्याच गावात रोज हे चालते, आणि घरी आलो की आपण विसरतो.

तीन महिन्यांनी त्या मुलीचे रक्त साडेदहा निघाले. बारा अजून नाही. दुसऱ्या मुलीच्या घरी मात्र मला यश आले नाही. तिच्या वडिलांनी वर्गच बंद करायला सांगितला, दहावीचे वर्ष म्हणून. ती आता येत नाही. रस्त्यात भेटली की वही अजून भरते आहे म्हणते.

मला मंडळाला जे विचारायचे आहे ते हेच. आपल्या शिक्षकांपैकी तिघी यंदा मोठ्या परीक्षेला बसतील. त्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये सुट्टी दिलीच पाहिजे. नवीन पाचसहा मुले आत्तापासून घेतली तर उन्हाळ्यात त्यांची तयारी होईल आणि जूनला वर्ग अडणार नाही. ज्यांच्या घरी आठवी-नववीतली मुलगी किंवा मुलगा आहे त्यांनी नाव चिटणीसबाईंकडे द्यावे. मुलगेही द्यावेत, यंदा दोनच होते. दर शनिवारची दीड किलो मटकी आतापर्यंत वर्गणीतून घेतली. ती एकेका घराने एकेक शनिवारी दिली तर बरे, पण ज्यांना सोयीचे नाही त्यांनी संकोच करू नये आणि कोणी त्यांना विचारू नये. बाहुलीचे लुगडे फाटले आहे, मऊ सुती कापड असल्यास द्यावे.

ज्यांची नावे येतील त्यांना पहिल्या बैठकीला तक्ता आणायला सांगू नका. चाळीस पानी वही मी देईन. पहिली चार पाने भरली की यायचे, वही घरी ठेवून.